अर्ध्या शेपटीचा ट्राउट आणि तीन उभे गृहस्थ

प्रिय वेंडेल यास,

तुझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचा सप्रेम नमस्कार.

नदीवरून घरी परतणाऱ्या समस्त माणसांवर या जगाने एक मोठा अन्याय केला आहे, आणि गळाला काय लावावं याविषयी तुझं नि माझं कितीही हाडवैर असलं तरी आपण दोघे त्या अन्यायाचे सारखेच बळी आहोत. आपल्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. लोक वकिलावर विश्वास ठेवतात, जुन्या गाड्या विकणाऱ्यावर ठेवतात, टीव्हीवर हवामान सांगणारा पोरगा रोज चुकतो तरी त्याच्या भरवशावर कपडे वाळत घालतात. पण एखादा सज्जन ओल्या बुटांनी दारात उभा राहून, हात फाकवून 'एवढा होता' म्हणाला, की घरातली बाई त्याच्या हातांकडे बघतसुद्धा नाही. ती फरशीवरच्या डबक्याकडे बघते. इतिहासात ज्यांनी सत्य सांगितलं त्यांना लोकांनी दगड मारले, हे मी पुष्कळ वाचलं आहे. पण निदान दगड मारण्याइतकं तरी त्यांना गंभीरपणे घेतलं होतं. आपल्याला फक्त टॉवेल फेकून मारतात. हे मी आरंभीच नोंदवून ठेवतो, कारण या पत्रात पुढे जे येणार आहे ते अक्षर न् अक्षर खरं आहे, आणि दुसऱ्या कोणी नाही तरी तू ते खरं मानशील असा माझा भरवसा आहे. (एप्रिल महिन्यात मी तुझं खरं मानलं होतं का, असं तू विचारशील. त्या मुद्द्याकडे मी येणारच आहे. वक्त्याला त्याच्या क्रमाने येऊ द्यावं.)

तुझी कंबर आता कशी आहे? बिस्किट अजून पोस्टमनवर भुंकतो की आता म्हातारपणी दोघांचं जमलं? तळघरातल्या जुन्या फ्रीजमध्ये तू पाळलेली गांडुळं सुखरूप असतील अशी आशा करतो. (हे मी उपहासाने लिहिलेलं नाही. आज माझ्या मनात गांडुळांविषयीसुद्धा ममत्व दाटून आलं आहे. का, ते पुढे कळेल.) माझं अक्षर हललेलं दिसेल, पण तो वयाचा दोष नाही. कागदाच्या पाठीमागे जे लिहिलं आहे ते वाचू नकोस. ते आमच्या क्लबच्या शरद भोजनात करायचं माझं भाषण आहे. विषय 'नदीत पाय कुठे ठेवावा'. दुसरा कागद हाताशी नव्हता.

आता एप्रिल. अग्निशमन दलाच्या शेडमध्ये मासळीचं वार्षिक जेवण चाललेलं, कोबीची कोशिंबीर संपत आलेली, आणि तू उठून चाळीस माणसांसमोर सांगितलंस की, लिटल क्रेन नदीच्या वरच्या वळणावर, पडलेल्या देवदाराच्या पलीकडे, तू एक ब्राऊन ट्राउट मासा पाहिलास, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत हात मोजला तरी वर उरेल इतका लांब, खालचा जबडा आकडीसारखा वर वळलेला, आणि शेपटी अर्धीच. आणखी म्हणालास की तो तुझं गांडूळ खाऊन, वर बघून, निघून गेला. त्यावर मी ध्वनिक्षेपक हातात घेतला. (तो मला कोणी दिला नव्हता, हे तुझी बहीण लूएला तेव्हापासून रोज सांगते.) मी म्हणालो होतो की अर्धी शेपटी हे खोटं बोलणाऱ्याचं जुनं हत्यार आहे, कारण बारीकसारीक खूण जोडली की थापेला वजन येतं, की खुर्चीवर बसून डबीतली गांडुळं लोंबकळवणारा माणूस मासा पाहतच नाही, तो फक्त पाण्यावर तरंगणारं लाल-पांढरं बूच पाहतो, आणि ओघात असंही म्हणालो होतो की तुझ्या त्या पत्र्याच्या होडीत बसण्यापेक्षा मी नोव्हेंबरमध्ये पोहत घरी जाईन. लोक हसले, टाळ्याही पडल्या. तू तुझी ताटली उचललीस आणि बाहेर गाडीत बसून जेवलास. त्या दिवसापासून तू माझ्याशी बोलत नाहीस, मी तुझ्याशी बोलत नाही, आणि तुझ्या बहिणीने जाहीर केलं आहे की थँक्सगिव्हिंगच्या टेबलावर एक तर आपण दोघेही बसू, नाही तर ती टर्की घेऊन टोलीडोला मावसबहिणीकडे जाईल नि मी डब्यातलं सूप पिईन. वेंडेल, ती जाईल. तुमच्या घराण्यातली माणसं बोलतात ते करतात, ही तुमच्यातली मोठी खोट आहे.

असो. आमच्या सहलीकडे वळतो.

दरवर्षी पानं पिवळी पडली की रुडी, हॉलिस आणि मी मोठ्या ब्राऊन ट्राउटच्या मागे जातो. रुडी म्हणजे आपला निवृत्त दंतवैद्य, ज्याने तुझी मागची दाढ काढली आणि अजून परत मागितलीस तर देईन म्हणतो. देह विशाल, स्वभाव गोड, आणि तोंडात घास नसेल तर तोंडात शब्द असणारच. हॉलिसला तू ओळखतोस. बावीस वर्षं शाळांच्या फुटबॉल सामन्यांत पंच होता, शिट्टी अजून गळ्यात असते, आणि खिशात नियम मोडणाऱ्यापुढे टाकायचा पिवळा रुमाल, जो तो बायकोच्या स्वयंपाकावरही टाकतो असं ऐकतो. अशा दोघांना घेऊन मी भल्या पहाटे निघालो, आणि निघण्यापूर्वी पॅनकेकच्या हॉटेलात कागदी रुमालावर तिघांच्या सह्यांनी एक प्रतिज्ञा केली. ती मीच लिहिली होती.

ही प्रतिज्ञा तुला चेष्टेची वाटेल, पण माझ्या लेखी ती चेष्टा नाही. शरदात हे मोठे मासे तळ्यातून नदीत वर चढतात ते आपण गळाला बांधलेल्या पिसांच्या माश्या खाण्यासाठी नाही, संसार मांडण्यासाठी. मादी आडवी होऊन शेपटीने तळाचे गोटे झाडते, शेवाळ-चिखल निघून जातो, नि खाली धुतलेल्या ताटासारखा लखलखीत गोल दिसू लागतो. त्यात ती अंडी घालते, वर पुन्हा बारीक गोटे ओढते, आणि वसंतापर्यंत ती अंडी तिथे श्वास घेत पडून असतात. एका माणसाचा एक बूट त्यावर पडला की एक अख्खं गाव नाहीसं होतं, आणि बूटवाल्याला पत्ताही नसतो. मला या गोष्टीचा संताप येतो. जगातला बहुतेक नाश अशाच पायांनी झाला आहे, ज्यांना खाली काय आहे हे माहीतच नव्हतं. म्हणून प्रतिज्ञेत तीन कलमं: घरट्यावर पाय ठेवायचा नाही, घरट्यावर असलेल्या माशासमोर गळ टाकायचा नाही, आणि लखलखीत गोलाच्या खालच्या अंगाला, प्रवाहाच्या दिशेने, आणखी चार पावलं जागा घरट्याचीच मानायची, कारण अंडी तिकडे घरंगळतात. हॉलिस म्हणाला, दोन पावलं पुरेत. मी म्हणालो, चार. आज मला दोन आवडली असती, पण तत्त्व ते तत्त्व. फोनही माझ्याच आग्रहावरून गाडीत ठेवले होते, कारण नदीवर फोन नेणारा माणूस नदीवर गेलेलाच नसतो, हे मी पूर्वी एका भाषणात म्हटलं आहे आणि ते अजूनही खरं आहे.

नदीवर धुकं इतकं दाट होतं की रुडीला स्वतःच्या हातातली पास्टी दिसत नव्हती, तरी ती त्याला सापडत होती. (मांस-बटाट्याच्या तीन पास्ट्या होत्या, एकेकाला एक. धुकं विरेपर्यंत एक उरली. हॉलिसने पिवळा रुमाल टाकला, पण शिक्षा काय द्यायची हे नियमात नव्हतं.) आम्ही तो पडलेला देवदार शोधला, त्याच्या खोडावरून एकामागून एक चालत नदीच्या मध्यापर्यंत गेलो, आणि खोडाच्या टोकाशी जो चिकणमातीचा उंचवटा आहे, जेवणाच्या टेबलाएवढा, त्यावर उतरलो. तिथे पाणी मांडीपर्यंत असतं. जागा फार सुंदर. तीन माणसं पाठीला पाठ लावून उभी राहिली की तीन दिशांना दोऱ्या फेकता येतात. मी हळूच उतरलो, हॉलिस हळूच उतरला. रुडीने उडी मारली. खोडाने एक मोठा सुस्कारा टाकला. माझं लग्न व्हायच्या आधीपासून ते खोड तिथे पडून होतं, पूर आले, बर्फ आलं, ते हललं नाही. पण रुडी हा त्याला पहिल्यांदाच भेटत होता. धुक्यातून काहीतरी लांबलचक काळं तरंगत गेलं तेव्हा आम्हाला वाटलं की एखादा बीव्हर पोहत चालला आहे, आणि रुडीने त्याला हात केला.

मग आम्ही समाधानाने मासेमारी सुरू केली. रुडीने पहिल्याच फेकीत हॉलिसची टोपी पकडली, दुसऱ्या फेकीत हॉलिसला. मी पिसांची एक मोठी काळी माशी बांधली होती, तीन संध्याकाळी खपून, बदकाचं पीस आणि लूएलाच्या जुन्या कोटाची लोकर घेऊन (तिला सांगू नकोस), आणि ती खोल प्रवाहात पोहत येताना इतकी जिवंत दिसत होती की क्षणभर मलाच तिची भूक लागली. आपण काय करतो ते बघ, वेंडेल. आपण दोघेही माशाला फसवतो. तू खऱ्या अन्नाने फसवतोस आणि मी खोट्याने. आजवर मी म्हणत आलो की माझा प्रकार जास्त प्रामाणिक आहे. थंड पाण्यात फार वेळ उभं राहिलं की हा मुद्दा तितकासा स्पष्ट दिसत नाही.

धुकं उठलं. सूर्य टेकडीवर आला, पाण्यात शिरला आणि तळ दिसू लागला.

आधी हॉलिसला दिसलं. त्याने फक्त शिट्टी वाजवली आणि दोन्ही हात आडवे पसरले, म्हणजे खेळ थांबवा. काठापासून आमच्या उंचवट्यापर्यंत नदीच्या तळाशी एकाला एक लागून लखलखीत गोल होते. जणू एखाद्या मोठ्या लग्नघरातली सगळी ताटं घासून पाण्यात मांडून ठेवली होती. वर, खाली, काठाकडे, सगळीकडे. आणि प्रत्येक गोलाच्या खालची माझी चार पावलं पुढच्या गोलाला जाऊन भिडत होती. पाय ठेवायला कोरड्या रुमालाएवढी जागा नव्हती. पलीकडे, दुसऱ्या काठाच्या बाजूला, खोल प्रवाह. हॉलिसने काठी अख्खी बुडवली तरी तळ लागला नाही, आणि छातीपर्यंतच्या रबरी विजारीत पाणी शिरलं की माणूस नांगरासारखा बुडतो. आम्ही तिघे एकदम खोडाकडे वळलो. खोड नव्हतं. मग तिघांनीही, अगदी सावकाश, त्या बीव्हरची आठवण काढली.

रुडी म्हणाला की चवड्यांवर चालत जाऊ. मी त्याच्या चवड्यांकडे पाहिलं. हॉलिस म्हणाला की दोनच पावलांचा नियम धरला तर मधून एक वाट निघते. मी म्हणालो की सोयीसाठी नियम बदलणाऱ्याने आधी शिट्टी उतरवून ठेवावी. मग हॉलिसने काठावरच्या देवदाराच्या फांदीत दोरी अडकवायचा प्रयत्न केला. अडकली, त्याने ओढली, फांदी आली, आणि रुडीच्या कानाखाली बसली. सॉक्रेटिस एकदा लष्कराच्या छावणीत विचार करत दिवसभर आणि रात्रभर एका जागी उभा होता म्हणतात, आणि त्याबद्दल जगाने त्याला डोक्यावर घेतलं आहे. पण सॉक्रेटिसच्या पायाखाली कोरडी जमीन होती आणि शेजारी रुडी नव्हता.

आणि मग तो आला.

माझ्या डाव्या पायाला काहीतरी धडकलं. मी रुडीला म्हणालो, ढकलू नकोस. रुडी म्हणाला, मी तर इकडे आहे. मी खाली पाहिलं. उंचवट्याला लागूनच एक गोल आहे, सगळ्यांत मोठा, आणि माझा डावा पाय त्याच्या हद्दीच्या अगदी कडेवर. हद्दीचा मालक माझ्या गुडघ्याकडे तोंड करून उभा होता. वेंडेल, तो कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत हात मोजला तरी वर उरेल इतका लांब आहे. अंगावर लोण्याचा रंग आणि त्यावर कोणी लाल शाईने ठिपके दिल्यासारखे. खालचा जबडा आकडीसारखा वर वळलेला. आणि शेपटी. शेपटीविषयी मी या परिच्छेदात काही लिहिणार नाही. माणसाला काही गोष्टी टप्प्याटप्प्यानेच लिहिता येतात.

तो मागे सरायचा, वेग घ्यायचा आणि माझ्या नडगीवर डोकं आपटायचा. मग पुन्हा मागे. अशाने नडगी दुखते, पण मला त्याचा राग येईना. मी त्याच्या दारात उभा होतो. रुडीला मात्र मोह झाला होता. त्याच्या हातात काठी होती, दोरी सुटी होती, माशी पाण्यापासून वीतभर वर लोंबत होती, आणि मासा तिच्या खाली दोन हातांवर.

"ऑगस्ट," तो अगदी हळू म्हणाला, "मी आयुष्यभर लोकांच्या तोंडात बघितलं. असा जबडा नाही बघितला. एकदाच टाकतो. लगेच सोडून देईन."

"तो घरी आहे, रुडी," मी म्हणालो. "घरात शिरून कोणी कुणाला भेटत नाही."

रुडीने दोरी गुंडाळली, माशी काठीच्या कडीत अडकवली, आणि उरलेली पास्टी काढून तिचे तीन तुकडे केले. मी त्याला इतक्या वर्षांत अन्नाचे तुकडे करताना पाहिलेलं नाही. त्या क्षणी मला माझ्या मित्रांचा जो अभिमान वाटला तो मी कोणत्याही व्यासपीठावरून सांगू शकणार नाही. (त्याचा तुकडा जरा मोठा होता. हॉलिसने पाहिलं, पण रुमाल टाकला नाही.)

यानंतर हॉलिसने मदतीसाठी शिट्टी वाजवायला सुरुवात केली, आणि मला आनंदाने सांगावंसं वाटतं की तिचा उपयोग झाला. ओहायोहून आलेलं एक जोडपं झाडांतून बाहेर आलं. सगळं सामान नवं कोरं, नवऱ्याच्या टोपीला किमतीची चिठ्ठी तशीच. फार भली माणसं. थांबा, आम्ही येतो, असं म्हणत ती दोघं सरळ पाण्याकडे धावली. त्यांचा बूट पाण्यापासून एका पावलावर होता. काय करणार मी? मी बोललो.

वेंडेल, मी पुष्कळ भाषणं केली आहेत, पण अशी जागा मला कधी मिळाली नव्हती. मागे पाणी, वर टेकडी, समोर घरटी. मी त्यांना सांगितलं की तुम्ही जिथे पाऊल टाकणार आहात तिथे पुढचा वसंत निजला आहे. सांगितलं की माणसाने चंद्रावर पाय ठेवला त्याचं कौतुक झालं, पण न ठेवलेल्या पावलाचं कौतुक अजून कोणी केलेलं नाही. मी खेड्यांविषयी बोललो, सैन्यांविषयी बोललो, रस्ते आखणाऱ्यांविषयी बोललो, आणि शेवटी म्हणालो की मनुष्यजातीला वाचवायचं असेल तर तिला मागे वळून अलगद चालायला शिकवलं पाहिजे. ती दोघं काठावरच्या गवतात बसून ऐकत होती. बाई रडली. नवऱ्याने टोपी काढली, आणि त्यांनी तिथल्या तिथे प्रतिज्ञा घेतली, चार पावलांसकट. मग दोघं उठली, मागे वळली, आणि अलगद, चवड्यांवर, एकमेकांचा हात धरून झाडांत दिसेनाशी झाली. थोड्या वेळाने लांब कुठेतरी गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

हॉलिसने ओठांतली शिट्टी काढली.

"ऑगस्ट," मग रुडी म्हणाला, "त्यांना एक होडी पाठवायला सांगायचं होतं."

मी म्हणालो की ते त्या भाषणात बसलं नसतं. हॉलिसने यावर पिवळा रुमाल टाकला. तो वाहत गेला.

अशी आमची सहल झाली. हवा चांगली, संगत चांगली, मोठा मासा पाहिला आणि एकाही घरट्याला धक्का लागला नाही. हॉलिसची टोपी सोडली तर कोणी काही पकडलं नाही, आणि मला त्याचा खेद नाही. कागद संपत आला आहे. बिस्किटला माझ्या वतीने कान खाजव. कंबर जप. कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुझा,
ऑगस्ट

ता. क. आम्ही तिथून बाहेर कसे पडलो हे लिहायचं राहिलं, असं तुला वाटेल. राहिलेलं नाही. आम्ही पडलेलोच नाही. हे पत्र मी उंचवट्यावर उभा राहून, हॉलिसच्या पाठीवर कागद ठेवून लिहितो आहे. अक्षर हलतं आहे ते तोच हलतो आहे म्हणून. ऊन कलायला लागलं आहे, मला गुडघ्याखाली काय आहे ते फक्त तो मासा धडकतो तेव्हा कळतं, आणि रुडीच्या रबरी विजारीला भोक असल्याचं त्याने आत्ताच कबूल केलं.

ता. क. हे पत्र लूएलाने वाढदिवसाला दिलेल्या हिरव्या थर्मासमध्ये घालून झाकण घट्ट लावून प्रवाहात सोडतो आहे. आज रविवार आहे, म्हणजे तू चर्चमधून येऊन इथून खालच्या अंगाला, लोखंडी पुलाखाली खुर्ची टाकून बसला असशील. तुझ्या बुचाजवळून जे जे तरंगत जातं ते ते तू ओढून घेतोस, हे मी पूर्वी निंदेने बोललो होतो. ते विधान मी आता स्तुती म्हणून कायम ठेवतो. थर्मास बहिणीला परत दे. त्याच्या आधी एक पिवळा रुमाल वाहत येईल, तो हॉलिसचा आहे.

ता. क. रुडीच्या सूचनेवरून आणि हॉलिसच्या अनुमोदनाने, नदीच्या मध्यभागी, सर्व उपस्थित सदस्य उभे असताना, पुढील ठराव एकमताने मंजूर झाला: लिटल क्रेन नदीच्या वरच्या वळणावर अर्ध्या शेपटीचा ब्राऊन ट्राउट आहे, एप्रिलमध्येही होता, आणि वेंडेलने सांगितला त्याहून तो किंचित मोठाच आहे. हा ठराव मी आज संध्याकाळी शरद भोजनात, तेवढ्याच माणसांसमोर, त्याच ध्वनिक्षेपकावरून वाचून दाखवीन, आणि या खेपेला तो आधी मागून घेईन. पण त्यासाठी मी तिथे पोचलो पाहिजे. शिवाय टर्कीचाही विचार कर. हवं तर 'वेंडेलराव' म्हणतो.

ता. क. नोव्हेंबरमध्ये पोहत घरी जाईन असं मी म्हटलं होतं, पण अजून ऑक्टोबर आहे.

ता. क. (हा शेवटचा, पेन्सिलचं टोक संपलं.) तुझी पत्र्याची होडी गाडीवर टाक, वरच्या उतारावरून पाण्यात सोड, आणि पलीकडच्या खोल प्रवाहातून खाली ये, वल्हं तळाला लावू नकोस आणि काहीही झालं तरी पाय पाण्यात घालू नकोस. गांडुळांची डबी पुलाखालीच राहू दे. आणि आलास की आधी आमच्या तोंडांकडे बघू नकोस, माझ्या डाव्या गुडघ्यापाशी बघ. तो अजून इथेच आहे, आणि ज्याने त्याला पहिल्यांदा पाहिलं त्याच्याशिवाय मला हा मासा कोणाला दाखवावासा वाटत नाही. होडी घेऊन ये.